आधी बर्फाचा

लेकीने टेबलावर गेमचे तीन डबे ओळीने मांडले आणि म्हणाली, "बाबा, तिन्ही जग संपल्यानंतरचे आहेत. आधी कुठला खेळायचा, ते तुम्ही ठरवा."

चावीकाकांनी डबे उलटसुलट करून पाहिले. एकावर बर्फ होता, एकावर वाळू आणि एकावर गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेलं शहर. माणूस तिन्हींवर एकेकच, आणि तोही पाठमोरा.

"जग संपायच्या आधीचा एखादा नाही मिळाला?"

"आधीचं तुम्ही बघितलंय की सगळं."

"आणि नंतरचंही बघतोच आहोत," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खिडकी उघडली की दिसतं."

काकूंचं बोलणं खोटं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हापासून त्याच्या वसाहतीतली बिऱ्हाडं एकेक करून हलली होती. सहा इमारती, मध्ये मैदान, मैदानात मुलांचा झोपाळा. त्याची एक साखळी कोणीतरी नेली होती, त्यामुळे तो तिरका लोंबत असे. दारांना कारखान्याची मोठी कुलपं लागली होती. टाकीशेजारच्या पंपघराला लागून काकांची खोली होती, आणि पलीकडे तिसऱ्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. बाकी कोणी नाही.

वसाहतीला पाणी सोडणं हे काकांचं काम. प्रत्येक इमारतीसमोर जमिनीत एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व्ह. तो फिरवायची माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून काका हिंडायचे, म्हणून पोराटोरांपासून साहेबापर्यंत सगळे त्यांना चावीकाका म्हणत. ही चावी त्यांना म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनकडून मिळाली होती, आणि चावीबरोबर एक रीत मिळाली होती. पाणी सोडण्याआधी इमारतीच्या पाइपवर चावीने तीन ठोके द्यायचे. ज्याला पाणी हवं त्याने आपल्या घरातल्या पाइपवर एक ठोका उलट द्यायचा. उत्तर आलं की पाणी सोडायचं. नाही आलं तर कोणी घरात नाही असं समजायचं आणि पुढे जायचं. "उत्तर नसेल तिथे पाणी सोडू नकोस," म्हातारा म्हणाला होता. "आणि उत्तर आलं तर न सोडता जाऊ नकोस. मग वर कोण आहे हे तू विचारायचं नाहीस."

एके काळी तीन ठोके दिले की अख्खी इमारत तडातडा वाजायची. डाव, पळी, लाटणं, हाताला येईल ते. आता काका तिसऱ्या इमारतीसमोर उभे राहून ठोके द्यायचे आणि बऱ्याच वेळाने वरून एक बारीकसा ठोका यायचा. नर्सबाईंचा.

लेक शहरात गेम तपासायचं काम करायची. दिवसभर खेळायचं आणि कुठे भिंतीतून हात आरपार जातो, कुठे मेलेला माणूस उठून चालायला लागतो, ते शोधून काढायचं. "याचे पैसे देतात?" असं काकांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती आठवडाभर बोलली नव्हती. आता तिने आपलं जुनं मशीन आईवडिलांना आणून दिलं होतं, आणि त्यामागे तिचा डाव होता.

"एक गेम संपवायचा, बाबा. मग सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?"

"एकच?"

"एकच."

काकांनी डब्यांवरून बोट फिरवलं. "यातला सगळ्यात लांबलचक कुठला?"

"बुडालेलं शहर. त्याला तसा शेवटच नाही. खेळाल तेवढा पुढे जातो."

"आणि छोटा?"

"बर्फाचा. एका माणसाने लोकांना गोळा करत करत एका निवाऱ्यापर्यंत न्यायचं. सगळे आत आले की दार लावायचं. दार लागलं की गेम संपला."

"मग आधी शहरच बघतो," काका म्हणाले.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "ऐकलंस? म्हणजे आम्ही इथेच म्हातारे होणार."

"झालोच आहोत की!"

लेक हसली नाही. आईकडे बघून तिने पिशवी उचलली.

पण काकांचा स्वभाव पद्धतशीर. नुसतं चित्र बघून ठरवायचं त्यांना पटेना. तिन्हींची सुरुवात खेळून पाहायची आणि मग काय ते पक्कं करायचं, असं त्यांनी ठरवलं. दिवे लागायच्या थोडं आधी, कामं आटोपली की दोघं टीव्हीसमोर बसायची. बारीक अक्षरं काकांना दिसत नसत, म्हणून पडद्यावरचं सगळं काकू वाचून दाखवायच्या.

पहिल्यांदा वाळूचा लावला. त्यात सुरुवातीलाच आपला माणूस घडवायचा होता. त्याचा धंदा काय, त्याच्यात ताकद किती, बोलणं किती, चोरपणा किती. वाटायला ठरावीक गुण मिळायचे.

"ताकदीला घाला थोडे," काकू म्हणाल्या. "बोलण्याला घाला. वाटेत माणसं भेटणार म्हणे."

काकांनी विचार करून सगळेच्या सगळे गुण एका ठिकाणी घातले.

"हे काय? कान?" काकूंनी कपाळाला हात लावला. "घरात दहा हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, आणि तिथे सगळे गुण कानाला!"

माणूस वाळूतून चालायला लागला. वारा होता, पावलांचा आवाज होता. एका पडक्या घराजवळ काका थांबले आणि त्यांनी मान वर केली.

"ठोका आला."

"आला खरा," काकू म्हणाल्या. "पाइपावर मारल्यासारखा."

"बघ, कानाचे गुण वाया गेले नाहीत."

त्यांनी माणसाला त्या घरात नेलं, सगळी दारं उघडून बघितली. आत कोणी नव्हतं. पुढचं घर बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. गेम पुढे जायचं सोडून काका घरोघर फिरत राहिले. "तिथेही नोकरीच करा," काकू म्हणाल्या, पण त्याही वाकून बघत होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी बुडालेलं शहर लावलं. होडी, हिरवं पाणी, पाण्याखाली अजून जळणारे रस्त्यावरचे दिवे. माणूस नवीन घडवावा लागला आणि त्याचेही गुण काकांनी कानालाच दिले. होडी एका इमारतीच्या गच्चीला लागली तेव्हा ठोका आला. एकच. बारीक.

तिसऱ्या संध्याकाळी बर्फाचा. तिथेही आला.

लेकीचा फोन आला तेव्हा काकांनी कौतुकाने सांगितलं, "चांगले केलेत गं तिन्ही. आणि तिन्हींत तो पाइपवरचा ठोका ठेवलाय तो तर फारच छान."

"कसला ठोका?"

"अगं, लपून कोणीतरी ठोका देतं ना. वाळूच्यात, पडक्या घरापाशी."

"बाबा, वाळूच्यात पाइपच नाहीत. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे गेम आहेत ते. त्यांच्यात एकच आवाज कसा असेल? संगीतातलं काहीतरी ऐकलं असेल तुम्ही."

"असेल," काका म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

निवड मात्र अजून व्हायची होती. मनातून शहरच पक्कं होतं. शेवट नसलेला गेम, म्हणजे निघायची तारीख नसलेला. एका दुपारी ते पंपाला तेल घालून परत येत होते. खोलीच्या दारात पाऊल टाकणार, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. त्या खिडकीत उभ्या होत्या आणि समोरच्या बंद गॅलरीकडे बघून म्हणत होत्या, "झालं का हो धुणं? आज ऊन बरं आहे." मग थोडं थांबून, कोणी काही बोलल्यासारखी मान हलवून, "हो ना, आमच्याकडेही तेच."

समोरच्या गॅलरीतलं बिऱ्हाड जाऊन दोन हिवाळे झाले होते.

काका चपला न वाजवता मागे फिरले, पंपघरापर्यंत गेले आणि खोकत खोकत परत आले. त्या संध्याकाळी त्यांनी शहराचा आणि वाळूचा डबा कपाटावर ठेवून दिला.

"ठरलं," ते म्हणाले. "आधी बर्फाचा."

काकू चहा करायला उठल्या. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.

बर्फाचा गेम काका मनापासून खेळले. नोकरीसारखे खेळले. कोणी तळघरात लपलेला, कोणी गाडीखाली, कोणी आपल्याच मेलेल्या माणसांशेजारी बसून राहिलेला. प्रत्येकाला काय बोलायचं याचे पर्याय पडद्यावर यायचे आणि काकू ते वाचायच्या. "एक, 'ऊठ, चल.' दोन, 'मी बसतो थोडा वेळ.' तीन, काही न बोलता निघून जा."

"दोन," काका दर वेळी म्हणायचे.

"दोनने उशीर होतो. बर्फ वाढतोय, खाली लिहिलंय."

"वाढू दे."

अशी रांग करत करत ते एकदाचे निवाऱ्यापाशी पोहोचले. जाडजूड लोखंडी दार, आत पिवळा उजेड, बाहेर पांढऱ्याशिवाय काहीच नाही. सगळे आत गेले. पडद्यावर अक्षरं आली आणि काकूंनी वाचली, "बाहेर आणखी कोणी उरलं आहे का? नसेल तर दार लावा."

काकांनी बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात ठोका आला.

"आहे," काका म्हणाले. "कोणीतरी राहिलंय."

त्यांनी आपल्या माणसाला पुन्हा बाहेर काढलं. बर्फात हिंडवलं. कोणी सापडलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दार, अंगठा, ठोका, बर्फ. तिसऱ्या संध्याकाळीही तेच झालं तेव्हा काकूंचा धीर सुटला.

"लावा हो ते दार! आत बसलेली माणसं गारठतायत, त्यांचं बघा."

"ठोका ऐकलास ना तू?"

"ऐकला. गेममधला आहे तो. मुद्दाम ठेवलाय, तुमच्यासारख्यांना अडकवायला."

"उत्तर आलं की जायचं नसतं," काका म्हणाले. ते गेमबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे काकूंना नीट कळलं नाही. त्या उठून गेल्या. आतल्या खोलीत त्यांची बॅग अर्धी भरून तयार होती, ती त्यांनी पलंगाखाली पायाने ढकलली.

या सगळ्यात सकाळचं पाणी चालूच होतं. काका तिसऱ्या इमारतीसमोर तीन ठोके द्यायचे, वरून एक यायचा, पाणी सुटायचं. हल्ली उत्तर जरा घाईचं येतं, असं त्यांना वाटे. आणि नर्सबाईंच्या दोरीवर बरेच दिवस एकही कपडा दिसला नव्हता. पण त्या आधीपासूनच अबोल. काकांनी मनावर घेतलं नाही.

मग एका दुपारी कारखान्याच्या ऑफिसातला कारकून स्कूटरवरून आला. ओसरीवर बसून त्याने पाणी मागितलं, आणि पेला रिकामा केल्यावर सांगितलं, "काका, पंपाची वीज तोडतायत. आता तुम्ही दोघंच राहिलात, दोघांसाठी टाकी कोण भरणार?"

"तिघं," काका म्हणाले. "नर्सबाई आहेत."

कारकुनाने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "नर्सबाई कधीच गेल्या. भावाची गाडी आली होती पहाटे. खोलीची चावी आमच्याकडे जमा आहे."

"कसं शक्य आहे? आज सकाळी पाणी सोडलं मी. उत्तर दिलं त्यांनी."

"पाण्याने उत्तर दिलं का?" कारकून हसला, पण हसू अर्ध्यात थांबलं. काकांचा चेहरा बघून त्याने स्कूटरला किक मारली. जाताना त्याने तिसऱ्या इमारतीच्या बाजूचा जवळचा रस्ता सोडला आणि मैदानाला वळसा घालून गेला.

काका आत आले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"नर्सबाई गेल्या म्हणे."

"मला माहीत आहे."

"मग वर कोण आहे?"

काकूंनी पदर हातात घट्ट धरला. "मी आहे. अहो, मीच होते."

काका खुर्चीत बसले.

"त्या जाताना मलाच सांगून गेल्या. झाडांना पाणी घालायला त्यांनी जादा किल्ली दिली होती ना, ती माझ्याकडेच राहिली. तुम्हाला सांगणारच होते मी. पण सकाळी तुम्ही ठोके दिलेत आणि उभे राहिलात. मी खिडकीतून बघत होते. पुन्हा दिलेत. पुन्हा उभे राहिलात. पाइपाला कान लावलात. नाही बघवलं मला. दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी मागच्या जिन्याने वर गेले आणि पळीने मारला एक ठोका. मग थांबताच येईना."

"पण तुला तर इथून निघायचं होतं. उत्तर आलं नसतं तर मी..."

"निघाला असतात. माहीत आहे." काकू म्हणाल्या. "कोणी उत्तर देत नाही म्हणून निघाला असतात. तसं नको होतं मला. तुम्ही आपण होऊन निघावंत. तो गेम संपवून, दार लावून."

काकांनी चष्मा काढला. मग अचानक त्यांना हसू फुटलं. "जिने चढून? या गुडघ्यांनी?"

"वरून तुम्हाला चार शिव्या घालूनच मारायचे ठोका."

दोघंही हसली. खोलीतली हवा हलकी झाली. काकांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि कौतुकाने म्हणाले, "आणि संध्याकाळचा कसा जमवायचीस गं?"

"संध्याकाळचा कुठला?"

"आपण खेळत असताना यायचा तो."

"तो गेममधला ना?" काकू म्हणाल्या. "तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेली असते. वाचून दाखवत असते."

ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. खेळायची वेळ झाली होती. कोणी काही न ठरवता दोघं रोजच्या जागी बसली. काकांनी टीव्ही लावला नाही. काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते, आणि मागे उघडं दार. टीव्हीच्या मागच्या भिंतीतून तिसऱ्या इमारतीला जाणारा पाइप गेला होता. इतकी वर्षं त्या भिंतीशेजारी राहून काका ते पार विसरले होते.

ठोका आला. एकच. बारीक.

काकूंनी काकांचं मनगट धरलं. काळ्या पडद्यात काही हललं नाही. थोड्या वेळाने पुन्हा एक आला. त्यात घाई नव्हती, चीड नव्हती. आपला नंबर कधीतरी लागेल असं धरून बसलेल्या माणसाने द्यावा, तसा तो ठोका होता.

"पाणी मागतंय," काका म्हणाले.

"कोण?"

"ते आपण विचारायचं नसतं."

त्यांनी कोपऱ्यातली चावी खांद्यावर घेतली. काकू चपला न घालताच मागोमाग निघाल्या. मैदानात तिरका झोपाळा स्तब्ध होता. तिसऱ्या इमारतीसमोर काकांनी झाकण सरकवलं आणि पाइपवर रीतसर तीन ठोके दिले. वरून लगेच एक आला. या खेपेला काकू त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

काकांनी चावी बसवली आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाणी पाइपात शिरलं, पहिला मजला, दुसरा मजला, आणि वर कुठेतरी बादलीत पडायला लागलं. आधी मोकळ्या बादलीचा आवाज, मग भरत आलेल्या बादलीचा.

"बादली माझीच आहे," काकू कुजबुजल्या. "मी ठेवली होती तिथे. नळही उघडा राहिला असेल माझ्या हातून."

काकांनी मान हलवली. दोघं वर बघत राहिली. बादली काठोकाठ भरल्याचा आवाज आला, आणि मग नळ बंद झाला. एकदम नाही. थोडा, आणखी थोडा, मग शेवटचा पीळ देऊन. पाणी वाया घालवू नये असं शिकवलेल्या माणसाने करावा तसा.

काकूंनी काकांची बाही ओढली. काकांनी चावीवरून हात काढला, पण चावी व्हॉल्व्हमधून काढली नाही. ती तशीच उभी ठेवली. खिशातला तेलाचा फडका काढून त्यांनी तिची मूठ पुसली.

"अहो, चावी?"

"राहू दे. उद्यापासून लागेल त्याला उघडता यायला हवं."

घरी येऊन काकांनी टीव्ही लावला. बर्फ, दार, पिवळा उजेड. काकूंनी नेहमीसारखं वाचलं, "बाहेर आणखी कोणी उरलं आहे का?"

दोघांनी कान दिला. भिंत गप्प होती.

काकांनी अंगठा दाबला. दार सावकाश सरकलं आणि लागलं. पडदा काळा झाला, गेम करणाऱ्यांची लांबलचक यादी वर सरकायला लागली. काकूंनी फोन उचलला आणि लेकीला सांगितलं, "संपला. उद्या ये." पलीकडून लेक आनंदाने काहीतरी ओरडली. काकू उठल्या आणि त्यांनी पलंगाखालून बॅग ओढली. काकांनी कपाटावरचे दोन डबे काढून तिच्यात घातले. "शहराचा तिकडे सावकाश खेळू," ते म्हणाले. "शेवट नाही म्हणे त्याला."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. लोखंडावर लोखंडी चावीचा, जाड आणि सावकाश. एक. मग दुसरा. मग तिसरा.

काका जागच्या जागी थांबले. तीन ठोके उत्तराचे नसतात. ते पाणी सोडणाऱ्याचे असतात. आणि या वेळी ते टाकीकडून आले होते, त्यांच्याच खोलीच्या पाइपवर.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मोरीतली बादली रिकामी करून त्यांनी नळाखाली सरकवली, आणि पळी काकांच्या हातात दिली.